मोखाड्याचं पत्र : बातमीची वर्गणी कोणती घ्यावी?



गेल्या महिन्यात मोखाड्याहून एका वाचक भावांचं पत्र आलं. वहीच्या कागदावर लिहिलेलं, दोन पानी, आणि हिशोब इतका नीट मांडलेला की वाचून बरं वाटलं. बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान आहे. नाशिकला शिकणाऱ्या मुलानं दीड वर्षापूर्वी त्यांना डीमॅट खातं उघडून दिलं. तेव्हापासून एका म्युच्युअल फंडात महिन्याला २,००० रुपयांची एसआयपी चालू आहे, म्हणजे आतापर्यंत ३६,००० भरले. शिवाय मधूनमधून चार कंपन्यांचे शेअर घेतले, ते साधारण ५०,००० चे. एकूण ८६,००० रुपये. हे पैसे कशासाठी, तेही त्यांनी लिहिलं आहे. अम्मींना हजला न्यायचं आहे. ‘पैसा पाक हवा आणि बुडायला नको, एवढंच पाहा,’ असं पत्राच्या शेवटी आहे.

त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. फोनवर त्यांना तीन ऑफर आल्या आहेत. एका इंग्रजी आर्थिक दैनिकाची डिजिटल वर्गणी, वर्षाला २,४०० रुपये. एका आर्थिक संकेतस्थळाची ‘प्रो’ वर्गणी, वर्षाला १,००० रुपये. आणि टेलिग्रामवरचा एक चॅनेल, जो ‘फक्त हलाल शेअर’ सुचवतो म्हणतो, तीन महिन्यांना ४,९९९ रुपये. मुलाचं मत पहिल्याला, मेहुण्यांचं तिसऱ्याला. भाई विचारतात, यातली कोणती घेऊ?

मी हिशोबाची कामं करतो. सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. त्यामुळे अमुक शेअर घ्या, तमुक फंड सोडा असं या सदरात मी कधी लिहीत नाही आणि आजही लिहिणार नाही. पण बातमीवर किती खर्च करावा हा घरखर्चाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या सदरात बसतो.

आधी तिसऱ्या ऑफरचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जाणार आहेत. तीन महिन्यांना ४,९९९ म्हणजे वर्षाला १९,९९६. भाईंची वर्षभराची एसआयपी २४,००० ची. म्हणजे हजसाठी वर्षभर जेवढं बाजूला टाकतात, त्याच्या सहा भागांतले पाच भाग चॅनेलवाल्याला. ८६,००० च्या गुंतवणुकीनं निव्वळ ही वर्गणी भरून काढायची म्हटली तरी वर्षाला २३ टक्के नफा व्हायला हवा. तेवढा झाला तरी अम्मींच्या हजच्या रकमेत एक रुपयाची भर पडत नाही.

दुसरं म्हणजे ही बातमीची वर्गणी नाहीच. ‘हा शेअर घ्या, इतक्याला विका’ असं पैसे घेऊन सांगणं हा सल्ला झाला. तसा सल्ला देणाऱ्याला सेबीकडे नोंद करावी लागते. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ चे नियम आहेत, संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ चे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’नं सुरू होतो, विश्लेषकाचा ‘आयएनएच’नं. सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंद आहे की नाही ते दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत. नोंद असलेल्यालाही नफ्याची हमी देता येत नाही. ‘आम्ही फक्त शिकवतो’ ही पळवाटही आता अरुंद झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं स्पष्ट केलं की, केवळ शिक्षण देणाऱ्यानं शेअरचे निदान तीन महिने जुने भाव वापरावेत, ताजे नाहीत. भाईंनी चॅनेलवाल्याला फक्त नोंदणी क्रमांक विचारावा. उत्तरात क्रमांकाऐवजी एखाद्या मौलाना साहेबांचं नाव आलं, तर मेहुण्यांना तेवढं दाखवा.

‘हलाल’ हा शब्द आपल्या मनाला लगेच भिडतो, आणि ते साहजिक आहे. पण हाच शब्द दाखवून आपल्याच लोकांना लुटल्याचं आपण पाहिलं आहे. जून २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली. व्याज नाही, नफ्यातला वाटा आहे, असं सांगून तिनं लोकांकडून पैसे गोळा केले होते, आणि गुंतवणूकदारांत बहुतेक मुसलमान घरं होती. मुलींच्या लग्नाचे, निवृत्तीचे, कुणाचे हजचेही पैसे त्यात गेले. त्याआधी २०१८ मध्ये हीरा गोल्डचं प्रकरण झालं, त्यात महाराष्ट्रातलीही माणसं होती. या दोन्ही ठिकाणी लोकांनी पैसे दिले ते ओळखीतून आणि विश्वासातून. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीला हिशोब जगासमोर ठेवावा लागतो. इथे तसा हिशोब कुणी मागितलाच नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. ती आपण वाळीत टाकण्याच्या आणि भांडणाच्या बातम्यांपुरती ठेवली, पैशाच्या बातमीला लावली नाही.

फुकट व्हिडिओ आणि टीव्ही यांचंही थोडं सांगतो, कारण वर्गणी नको म्हटलं की माणूस तिकडे वळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीनं ‘बाप ऑफ चार्ट’ या नावानं चालणाऱ्या धंद्यावर अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला सांगितले. शेअर बाजार शिकवण्याच्या नावाखाली तिथे शेअर सुचवले जात होते, असं आदेशात आहे. त्याच आदेशात हेही आहे की, नफ्याच्या जाहिराती करणाऱ्या या गुरूंना स्वतःच्या व्यवहारात अडीच वर्षांत जवळपास तीन कोटींचा तोटा झाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये झी बिझनेस वाहिनीवर येणाऱ्या काही पाहुण्या तज्ज्ञांवर अंतरिम आदेश निघाला. पडद्यावर कोणता शेअर सुचवणार ते आधीच काही जणांना कळवलं जात होतं, ते आधी खरेदी करत आणि प्रेक्षकांनी भाव चढवला की विकत, असा ठपका होता. रक्कम ७ कोटी ४१ लाख. तेव्हा टीव्हीवर नाव ऐकून सकाळी साडेनऊला खरेदी करणारा दुकानदार त्या साखळीत सगळ्यात शेवटी उभा असतो.

आता पहिल्या दोन ऑफर. त्या प्रामाणिक आहेत. पण त्या कुणासाठी आहेत हे आधी पाहू.

आर्थिक दैनिकाचा मोठा भाग ताज्या बातमीचा असतो. अमुक कंपनीचा नफा वाढला, तमुक कंपनीला कंत्राट मिळालं. ही बातमी पेपरला कुठून मिळते? बहुतेक वेळा कंपनीनं शेअर बाजाराला पाठवलेल्या कागदातून. नियम असा आहे की संचालक मंडळाची बैठक संपली की निर्णय ३० मिनिटांत बाजाराला कळवायचे, आणि बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत. तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यायचे, वर्षाचे तपासलेले निकाल ६० दिवसांत. हे सगळे कागद बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर त्याच क्षणी फुकट दिसतात. मोठ्या संस्था ते संगणकानं वाचतात आणि भाव हलतो. सकाळी आपण पेपर उघडतो तेव्हा भाव हलून झालेला असतो. मग पैसे भरलेला पेपर असो की फुकटचा, वेगाच्या शर्यतीत आपण नाहीच. भाईंनीच लिहिलंय की पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते. मोखाड्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला न थांबता पोचतं, मुंबईच्या बाजाराची बातमी मोखाड्याला पोचताना मात्र टेकडी चढावी लागते! पण महिन्याला २,००० टाकून पाच-सात वर्षं थांबणाऱ्या माणसाचं त्यानं काही बिघडत नाही.

ज्यांना वेगाची गरज वाटते ते रोज घेणारे-विकणारे. त्यांचं काय होतं ते सेबीनंच मोजलं आहे. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. बहुतेक उलेमाही या सौद्यांना जायज मानत नाहीत. तेव्हा दिवसभर फोनवर येणाऱ्या ‘तात्काळ सूचना’ ज्या वर्गणीचं मुख्य आकर्षण आहेत, ती आपल्या कामाची नाही.

मग पैसे देऊन वाचण्यासारखं काही नाहीच का? आहे. बातमीमागचं विवेचन आहे. हे काम चांगलं करणारी दैनिकं आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. बिझनेस स्टँडर्ड सरकारी धोरण आणि कंपन्यांचे ताळेबंद यांत खोल जातो, तो थोडा कोरडा आहे पण आरडाओरडा कमी. द हिंदूच्या घराण्यातल्या बिझनेसलाइनची रविवारची ‘पोर्टफोलिओ’ पुरवणी लहान गुंतवणूकदाराला समोर ठेवून लिहिलेली असते, आणि शेतमालाच्या बाजाराच्या बातम्या त्यात इतरांपेक्षा बऱ्या असतात. मिंटची घरगुती पैशांची पानं समजायला सोपी. इकॉनॉमिक टाइम्स सगळ्यात पसरट, त्यात सगळं असतं, पण नको तेही तितकंच असतं. त्यांची ‘ईटी वेल्थ’ ही साप्ताहिक पुरवणी मात्र घरात ठेवण्याजोगी. फंडांबद्दल वाचायचं तर व्हॅल्यू रिसर्चचं ‘म्युच्युअल फंड इनसाइट’ हे मासिक शांत डोक्यानं लिहिलेलं असतं. ही माझी मतं, तुमची वेगळी असू शकतात. मराठीत लोकसत्ताची सोमवारची ‘अर्थवृत्तान्त’ पुरवणी आहे, ती पेपरच्या किमतीतच येते.

पण यातलं एकही दैनिक भाईंच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देत नाही. पैसा पाक आहे का, हा त्यांचा प्रश्न. कंपनीचा नफा किती वाढला हे पेपर सांगेल. त्यातला किती भाग व्याजातून आला हे फार क्वचित सांगेल. ते कळतं कंपनीच्या वार्षिक अहवालातून, आणि वार्षिक अहवाल फुकट असतो.

शरीयतच्या दृष्टीनं शेअर पाहताना दोन पायऱ्या असतात. पहिली धंद्याची. दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस, व्याजावर चालणारी बँक किंवा विमा असेल तर पुढे पाहायचंच नाही. दुसरी पायरी आकड्यांची, आणि इथेच लोक अडखळतात. बहरीनमधल्या आयोफी या संस्थेच्या निकषात कंपनीचं व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवं, व्याजी ठेवीही ३० टक्क्यांच्या आत, आणि नाजायज उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत. मुंबईची तासिस ही संस्था बाजारमूल्याऐवजी कंपनीच्या एकूण मालमत्तेशी तुलना करते. त्यामुळे एकच कंपनी एका यादीत बसते आणि दुसरीत बसत नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपले मुफ्ती साहेब ज्या निकषावर समाधानी आहेत तो एक धरावा आणि सोयीप्रमाणे बदलू नये.

भाईंकडे चार कंपन्या आहेत. मुलगा सुट्टीत घरी येण्याआधी नाशिकला चांगल्या रेंजमध्ये चारही अहवाल उतरवून घेऊ शकतो. अहवाल दोनशे-तीनशे पानांचा असतो, म्हणून लोक तो उघडत नाहीत. पण त्यातली चार-पाच पानंच पुरतात. ताळेबंदात ‘बॉरोइंग्ज’ म्हणजे कर्ज, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं अशा दोन ओळींत असतं, दोन्हींची बेरीज करायची. ‘अदर इन्कम’पुढे टिपेचा क्रमांक असतो, त्या टिपेत व्याजाची रक्कम वेगळी लिहिलेली असते. समजा, कंपनीचं एकूण उत्पन्न १,००० कोटी आणि त्यात व्याज १२ कोटी, तर प्रमाण १.२ टक्के. आपल्याला १,००० रुपये लाभांश मिळाला तर १२ रुपये सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायचे. काही उलेमा लाभांशावर न जाता आपल्या शेअरांच्या वाट्याला येणारी व्याजाची पूर्ण रक्कम काढायला सांगतात, ती पद्धत जास्त काटेकोर आहे. मग लेखापरीक्षकाचं पत्र पाहायचं. त्यानं एखाद्या बाबीवर हरकत नोंदवली असेल तर तो परिच्छेद दोनदा वाचायचा. आणि मालकांनी स्वतःचे शेअर किती गहाण ठेवले आहेत, हे दर तिमाहीच्या भागधारक तक्त्यात दिसतं. कर्ज असलेल्या कंपनीबद्दल क्रिसिल, इक्रा, केअर या पतमापन संस्था दोन-चार पानांचं टिपण काढतात. कंपनीची दुखणी त्यात सरळ लिहिलेली असतात, आणि तेही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. दहा वर्षांचे आकडे एका पानावर हवे असतील तर स्क्रीनर या संकेतस्थळाचा फुकटचा भाग घरच्या कामाला पुरतो.

चार कंपन्या, वर्षातून एकदा, दोन रविवार. इतकंच काम आहे. ते नको असेल तर एनएसईच्या निफ्टी ५० शरीया आणि निफ्टी ५०० शरीया निर्देशांकांची यादी पाहता येते. शरीयतचे निकष पाळून चालणारे टाटा एथिकल, टॉरस एथिकल हे फंड आणि निप्पॉनचा शरीया बीज ईटीएफ आहेत, त्यांना दर महिन्याला आपल्याकडचे शेअर जाहीर करावे लागतात. यातलं काही घ्या असं मी सुचवत नाही. भाईंची एसआयपी ज्या फंडात आहे त्याचं नाव त्यांनी पत्रात दिलेलं नाही. तो साधा फंड असेल तर त्यात बँकांचे शेअर असण्याची दाट शक्यता आहे. टेलिग्रामच्या हलाल शेअरांची चौकशी करण्याआधी हे पाहायला हवं होतं. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर महिन्याची यादी असते, या जुम्म्याआधी ती मुलाकडून वाचून घ्यावी.

आता २,४०० आणि १,००० चा हिशोब. ८६,००० वर २,४०० म्हणजे वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या वर. १,००० म्हणजे एक टक्क्याहून थोडं जास्त. दलालाचं कमिशन वाचावं म्हणून १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांत ‘डायरेक्ट’ योजना आल्या. त्यात वर्षाला अर्धा-एक टक्का वाचतो म्हणून आपण त्या शोधतो, आणि एका हातानं वाचवलेला तो टक्का दुसऱ्या हातानं वर्गणीत घालतो. माझा स्वतःचा ठोकताळा असा की बातमीवरचा वर्षाचा खर्च गुंतवणुकीच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये. भाईंना तो ४३० रुपये पडतो. २,४०० ची वर्गणी पेलायला ४ लाख ८० हजारांची गुंतवणूक हवी. तोवर सोमवारची मराठी पुरवणी आणि कंपन्यांचे अहवाल यावर काम चालवावं.

याला एक अपवाद आहे. मुलगा वाणिज्य शाखेत असेल आणि तो पेपर खरंच रोज वाचणार असेल, तर २,४०० हा गुंतवणुकीचा खर्च नाही, तो शिक्षणाचा खर्च आहे. मग त्याचा हिशोब शिक्षणाच्या पानावर लिहा, हजच्या नाही. विद्यार्थ्यांना सवलत मिळते का तेही विचारा. आणि तालुक्याच्या वाचनालयात एखादं अर्थविषयक मासिक छापील स्वरूपात सुरू करता येतं का पाहावं. चार-पाच दुकानदारांनी मिळून वर्गणी भरली तर प्रत्येकाला शे-दीडशे रुपये पडतील, आणि चारजण तेच वाचून बोलतील ते वेगळंच.

घ्यायचीच ठरली तर पैसे भरताना एक काळजी घ्या. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षीचा खालच्या बारीक अक्षरांत असतो. मी एकदा एका संकेतस्थळाची वर्गणी ९९९ ला घेतली. वर्षभरात दहा-बारा वेळा उघडली असेल. पुढल्या वर्षी दुपटीहून जास्त रक्कम आपोआप कापली गेली, आणि मला ती दोन महिन्यांनी पासबुकात दिसली. चूक माझीच, भरताना ‘ऑटोपे’ला होकार दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० पर्यंतच्या अशा ठरावीक वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, मात्र रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते. ती सूचना इतर मेसेजांच्या गर्दीत हरवते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’चं पान असतं, तिथे जाऊन वर्गणी घेतल्याच्या दिवशीच ते बंद करावं. वर्गणी वर्षभर चालूच राहते.

आणि एक गोष्ट, जी भाईंनी विचारलेली नाही. हजला कधी जायचं ते पत्रात नाही. अम्मींचं वय पाहता दोन-तीन वर्षांत जायचं असेल, तर ही रक्कम शेअरमध्ये ठेवणं बरोबर नाही, कंपनी कितीही हलाल असली तरी. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं काही आठवड्यांत बाजार एक-तृतीयांशाहून जास्त उतरला होता. त्या वेळी ज्यांना पैसे काढावेच लागले त्यांचं नुकसान भरून आलं नाही, जे थांबू शकले त्यांचं आलं. अम्मींना थांबा म्हणता येणार नाही. जाण्याचं वर्ष आधी ठरवा, तीन वर्षं उरली की दर सहा महिन्यांनी थोडी थोडी रक्कम बाहेर काढत जा. ती व्याजाशिवाय कुठे ठेवायची, यावर बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, शेअर आणि म्युच्युअल फंडांवरच्या जकातीचा हिशोब. रमजानच्या आधी प्रश्न पाठवणाऱ्यांनी शेअर विकण्यासाठी घेतले आहेत की ठेवण्यासाठी, ते कृपया लिहावं. त्यावरून हिशोब बदलतो.